पहिल्या गोळीआधीचा प्रश्न

(रायगडच्या किनारपट्टीवरील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या वर्गात मी चार वर्षं होते. खाडीपलीकडची मुलं तरीतून यायची आणि तर भरती-ओहोटीच्या हिशेबाने सुटायची. उशिरा आलेल्या मुलाला बाकीचे मास्तर आधी छडी द्यायचे, कारण मागाहून विचारायचे. गुरुजींचं उलट असे. "तर किती वाजता सुटली रे?" एवढं विचारून ते मुलाला जागेवर बसवायचे. त्या एका प्रश्नामुळे किती पोरं शाळेत टिकली, हे या सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पुढे मी डॉक्टर झाले, आणि एका बाईच्या बाबतीत आधी प्रश्न विचारायला चुकले. आज जे सांगायला उभी आहे ते त्या चुकीतून शिकलेलं आहे.

कार्यकर्ते विषय ठरवायला आले तेव्हा म्हणाले, "थायरॉईडवर बोला, घराघरात त्याची बाटली आहे." खरंच आहे. सकाळी उठल्यावर चुलीला हात लावायच्या आधी त्या छोट्या बाटलीतली गोळी घेणाऱ्या बायका मला प्रत्येक पाड्यावर भेटतात. आपल्याकडे "मला थायरॉईड आहे" असं म्हणायची पद्धत पडली आहे. थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्यात श्वासनलिकेला बिलगून प्रत्येकालाच असते. ती मंदावली की शरीराचा सगळा कारभार मंदावतो. थंडी वाजते, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, वजन वाढतं, पाळी बिघडते, आणि सगळ्यात मोठी तक्रार थकव्याची. "बाय, अंगात जीवच नाय," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते ऐकताच हात आपोआप तपासणीच्या कागदाकडे जातो.

किनाऱ्यावरची माणसं मला विचारतात, आम्ही रोज मासळी खातो, मग आम्हाला हे कसं होतं? प्रश्न चांगला आहे. देशातल्या आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. मंदावलेली थायरॉईड त्यात जवळपास ११ टक्के लोकांत आढळली. मुंबई, गोवा आणि चेन्नई या किनाऱ्यावरच्या ठिकाणी प्रमाण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होतं आणि आतल्या शहरांत पावणेबारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे समुद्राने थोडं हलकं केलं, सोडवलं मात्र नाही. याचं कारण असं की आयोडिनची कमतरता हे आज एकमेव कारण उरलेलं नाही. आपल्याच शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीवर उलटते, हे मोठं कारण आहे. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली असा आजार पहिल्यांदा मांडला. त्याला मासळी काही करू शकत नाही. आणखी एक गैरसमज इथेच दूर करते. पेण-उरणच्या मिठागरातलं खडेमीठ समुद्राचं असलं तरी त्यात आयोडिन नावापुरतंच असतं. समुद्राचं आयोडिन मासळीत उतरतं, मिठात टिकत नाही. म्हणून तर खाण्याच्या मिठात ते वरून घालावं लागतं. सुकटीला आणि बांगड्यांना खडेमीठ लावा, जेवणात मात्र आयोडिनयुक्तच ठेवा.

थायरॉईडबद्दल एवढं पुरे. मला बोलायचं आहे ते तिच्या शेजारणीबद्दल. शेजारीण म्हणते खरी, पण ती राहते लांब, पाठीत, दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी. तिचं पुस्तकी नाव अधिवृक्क ग्रंथी, डॉक्टरांच्या तोंडी अॅड्रीनल. एकेका ग्रंथीचं वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याहूनही कमी. आपल्या जिल्ह्याचं या ग्रंथीशी जुनं नातं आहे.

तुमच्यापैकी दक्षिणेकडून आलेल्यांना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांविषयी सांगायला नको. ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, डोळ्यांदेखत जायची. दहा गंभीर रुग्णांतले चार दगावत. बावस्कर रात्ररात्र रुग्णाच्या उशाशी बसले, घाम, थंडगार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब, तोंडाला येणारा फेस हे सगळं तासातासाला लिहीत गेले. त्यांच्या नोंदी १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आल्या आणि १९८६ साली प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीच्या वापराबद्दलचा लेख आला. मृत्यूचं प्रमाण पुढे एक टक्क्यावर आलं. त्या विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठतं, ते अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून आणि मज्जातंतूंच्या टोकांतून एकदम सुटलेल्या स्रावांचं असतं. या ग्रंथीच्या गाभ्याचं एक भयंकर रूप आपल्या जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रातल्या खाटेशेजारी बसून तासातासाने लिहिलं गेलं. मी त्या ग्रंथीच्या दुसऱ्या भागाबद्दल, तिच्या सालीबद्दल बोलणार आहे. तिथे वादळ नसतं. तिथला स्राव आटतो, आणि गाजावाजा न होता माणूस जातो.

सालीतून कॉर्टिसोल येतं. पहाटे ते चढू लागतं, सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. ताप, उलट्या, अपघात, शस्त्रक्रिया, उपास, कुठलाही मोठा ताण आला की शरीर जास्त कॉर्टिसोल मागतं. ते मिळालं नाही तर रक्तदाब कोसळतो, साखर खाली येते आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. थॉमस अॅडिसन या लंडनच्या डॉक्टरांनी १८५५ साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं तेव्हा उपचार काहीच नव्हता. त्यांचे बरेच रुग्ण क्षयाचे होते. क्षयाने या ग्रंथी पोखरल्या जातात आणि आपल्या देशात ते कारण आजही मिटलेलं नाही. क्षय आपल्या वस्त्यांत अजून आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता या दोन ग्रंथींचं एकमेकींशी काय, ते सांगते. इतिहासात त्या एका माणसाच्या हातात भेटल्या. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल नावाचा रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. १९१४च्या नाताळच्या दिवशी त्याने थायरॉईडचा स्राव, थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळा केला. पुढे तोच माणूस अधिवृक्क ग्रंथीच्या सालीकडे वळला आणि तिथून कॉर्टिसोलचं भावंड, कॉर्टिझोन, वेगळं केलं. २१ सप्टेंबर १९४८ रोजी फिलिप हेंच यांनी ते संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला दिलं. जी उठू शकत नव्हती ती काही दिवसांत चालू लागली. १९५०चं नोबेल केंडल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना मिळालं. थायरॉक्सिन हाती येण्याआधी मंद थायरॉईडचे रुग्ण मेंढीच्या ग्रंथीच्या अर्कावर जगत. इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी १८९१ साली ज्या बाईंना तो पहिल्यांदा दिला त्या पुढे २८ वर्षं जगल्या आणि तेवढ्या काळात त्यांना ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच काम एका छोट्याशा गोळीने होतं. या गोळीबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी घाबरून गोळी बंद करू नये.

शरीरात या दोघींचा हिशेब असा चालतो. थायरॉईड हा इंजिनाचा वेग. कॉर्टिसोल म्हणजे टाकीतलं डिझेल. ज्या माणसाची थायरॉईड मंद असते त्याच्या शरीरात कॉर्टिसोलही सावकाश खर्च होतं. त्यामुळे टाकीत थोडंसंच असलं तरी तो कसाबसा चालत राहतो, धक्क्याला बांधलेल्या होडीसारखा. अशा माणसाला थायरॉक्सिनची गोळी दिली की इंजिन वेग घेतं, कॉर्टिसोल भराभर जळू लागतं आणि गरजही वाढते. अधिवृक्क ग्रंथी निरोगी असेल तर ती निमूटपणे जास्त पुरवठा करते, कुणाला कळतही नाही. शंभरातल्या बहुतेक बायकांचं असंच होतं. पण ग्रंथी आधीच आजारी असेल तर होडी भर समुद्रात बंद पडते. म्हणून वैद्यकाचा नियम असा की दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसोल भरायचं, मग थायरॉक्सिन. हा क्रम उलटा झाला तर औषधच जीव घेऊ शकतं. थायरॉईडच्या अतिगंभीर मंदपणात, रुग्ण बेशुद्धीत जातो तेव्हाही, थायरॉक्सिन देण्याआधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसोल, द्यायचं असतं ते याच कारणाने.

आता माझी गोष्ट.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कोळीवाड्यातली बाई माझ्याकडे आली. वय चाळिशीच्या आत. थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, सुजलेला चेहरा, सगळं पुस्तकातल्यासारखं. रक्त तपासलं तर थायरॉक्सिन कमी होतं. टीएसएच, म्हणजे मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला जो हुकूम पाठवते त्याचा आकडा, मात्र चढलेला नव्हता. सर्वसाधारण होता. तिथे मी थांबायला हवं होतं. थायरॉईड मंदावली तर हुकूम वाढायला हवा. हुकूमच येत नसेल तर दोष वर, पिट्युटरीत आहे. आणि पिट्युटरी थायरॉईडला हुकूम देईनाशी झाली असेल तर अधिवृक्कालाही देत नसणार, ही शंका यायला हवी होती. मला ती आली नाही. मी १०० मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली आणि सहा आठवड्यांनी यायला सांगितलं.

ती दोन आठवड्यांनीच आली, चादरीच्या झोळीतून. जुलै महिना होता, मांडव्याच्या लाँच बंद होत्या. उलट्या थांबत नव्हत्या, रक्तदाब ७० वर, हात ओला आणि गार. माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याने तिच्या सासूला एकच प्रश्न विचारला. "शेवटच्या बाळंतपणात रक्त किती गेलं?" सासू म्हणाली, "गोधड्या भिजल्या होत्या. बाळाला पाजायला थेंब आला नाही. त्यानंतर पाळी कधी आलीच नाही." नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट होती ती. नऊ वर्षं ही बाई टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जात होती आणि तिच्यात काय आटत गेलं आहे हे कुणाला कळलं नव्हतं. हायड्रोकॉर्टिसोनची १०० मिलिग्रॅमची सुई आणि सलाईन लावलं. काही तासांत तिने डोळे उघडले. पोयनाड-वडखळमार्गे तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. ती वाचली. माझ्यामुळे वाचली नाही, हे मला इथे सांगितलं पाहिजे.

बाळंतपणात खूप रक्त गेल्यावर पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती मरते, हे हॅरोल्ड शीहान या इंग्रज डॉक्टरांनी १९३७ साली दाखवून दिलं. गरोदरपणी ही ग्रंथी मोठी झालेली असते, रक्त तिला जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते कमी पडतं. श्रीमंत देशांत हा आजार आता क्वचित दिसतो. काश्मीरच्या खोऱ्यात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बाळंतपण झालेल्या वीस वर्षांवरच्या बायकांत तो सुमारे तीन टक्क्यांना आढळला, आणि त्यातल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं घरी झाली होती. आपल्याकडेही ज्या बायका आज पन्नाशी-साठीत आहेत, त्यांची बाळंतपणं सुईणीच्या हाती, खाडीपलीकडे, भरतीची वाट बघत झालेली आहेत. त्यांची गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही. ती फक्त सासूला, नणंदेला, शेजारणीला माहीत असते. तपासणीच्या कागदावर ती येत नाही.

दोष अधिवृक्क ग्रंथीतच असलेला, दुसऱ्या प्रकारचा रुग्ण याच्या अगदी उलट दिसतो. शीहानची बाई फिकट पडते, काखेतले केस जातात. अॅडिसनचा रुग्ण काळवंडतो. उन्हात काम करणाऱ्या खलाशाचं काळवंडणं कुणाच्या लक्षात येणार? म्हणून आम्ही तळहाताच्या रेषा बघतो, हिरड्या बघतो, जुन्या जखमांचे व्रण बघतो, जिथे ऊन पोचत नाही तिथलं काळेपण. उरणकडच्या एका तरुणाची आई मला म्हणाली होती, "पोरगा पेजेत मूठभर मीठ घालतो, खारा बांगडा तसाच चावतो." त्याचं वजन उतरलं होतं, उठताना चक्कर यायची. हे मीठ हव्यासाचं नव्हतं. त्याच्या ग्रंथीतून मीठ धरून ठेवणारा स्रावच येत नव्हता, आणि शरीर स्वतःला वाचवायला मीठ मागत होतं. कॉर्टिझोन मिळण्याआधी, १९३०च्या दशकात, अमेरिकेत रॉबर्ट लोब यांनी अॅडिसनचे रुग्ण खरोखरच मिठावर तगवले होते. या तरुणाचा टीएसएच थोडा चढलेला होता आणि त्याला कुणीतरी थायरॉईडची गोळी सुरू करून दिली होती. कॉर्टिसोल कमी असलं तरी टीएसएच चढू शकतो, आणि कॉर्टिसोल भरून काढल्यावर तो आपोआप खालीही येतो. त्याच्या बाबतीत तसंच झालं.

मंद थायरॉईड आणि अॅडिसन हे दोन्ही आजार एकाच माणसात असणंही खरं. मार्टिन श्मिट यांनी १९२६ साली थायरॉईड आणि अधिवृक्क दोन्ही एकत्र बिघडलेले रुग्ण मांडले. संरक्षक यंत्रणा एका ग्रंथीवर उलटली की दुसरीवरही उलटू शकते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हेच होतं. त्यांचा अॅडिसनचा आजार १९४७ साली लंडनमध्ये कळला आणि मंद थायरॉईडचं निदान १९५५ साली झालं. त्यांच्या बाबतीत क्रम योग्य पडला. अधिवृक्कांचा उपचार आधीच चालू होता.

आपल्या भागात अधिवृक्क ग्रंथी मंदावण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र ना क्षय आहे ना बाळंतपण. ते आपण स्वतः करतो, आणि याबद्दल मला मनापासून चीड आहे. गुडघे दुखतात, दमा आहे, चिकुनगुनियानंतर सांधे धरले आहेत, तेव्हा कुणीतरी पुडी देतं. कागदात गुंडाळलेली बारीक पांढरी गोळी किंवा कसलीशी पावडर. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. केंडल आणि हेंच यांच्या रुग्णाला १९४८ साली जे झालं तेच इथे होतं, कारण पुडीत बहुतेक वेळा कॉर्टिझोनच्या जातीचं स्टेरॉईडच असतं, प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन. पुडी महिनोन्‌महिने चालते. बाहेरून आयता माल येत राहिला की शरीरातली ग्रंथी काम सोडून देते, आकसते. मग एक दिवस पुडी देणारा गावी जातो, किंवा मुंबईचा मुलगा म्हणतो, "बाबा, हे बंद करा." एकदम बंद केलेल्या पुडीनंतर ग्रंथी जागी व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्यात ताप आला, जुलाब झाले, तर तोच कोसळण्याचा प्रसंग. याच माणसाला थकव्यासाठी तपासून थायरॉईडची गोळी सुरू केली तर काय होईल, ते मी वर सांगितलं. कोविडच्या काळात डेक्सामेथासोनने खरोखर प्राण वाचवले, ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे, मोजक्या दिवसांच्या मात्रेने. पण त्यानंतर त्या गोळीचं नाव घराघरात पोचलं आणि अंगदुखीवरही ती मागितली जाऊ लागली. औषध दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे, चिठ्ठीशिवाय ही गोळी देऊ नका. आणि घरी कुणी महिनाभराहून जास्त घेत असेल तर ती तोडू नका, डॉक्टरांकडून उतरवत आणा.

आता दुसऱ्या बाटल्यांबद्दल बोलते. "अॅड्रीनल थकला आहे", "अॅड्रीनलला बळ द्या" अशा जाहिराती मोबाईलवर येतात आणि मुंबई-पुण्यातल्या मुली आईसाठी त्या बाटल्या पाठवतात. त्यांची माया मला दिसते. म्हणूनच स्पष्ट सांगते. रोजच्या ताणाने अधिवृक्क ग्रंथी दमते आणि तिला टॉनिक लागतं, ही कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली. ब्राझीलच्या दोन संशोधकांनी २०१६ साली ५८ अभ्यास चाळून निष्कर्ष काढला की असा कुठलाही आजार सिद्ध होत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा १२ उत्पादनांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बाराच्या बारांत थायरॉईडचा स्राव सापडला आणि बहुतेकांत कुठलं ना कुठलं स्टेरॉईड. म्हणजे ग्रंथीला बळ देण्याच्या नावाखाली तीच पुडी, फक्त छान बाटलीत. अश्वगंधेचंही सांगते. ती आपल्या घरची ओळखीची वनस्पती आहे, पण तिने थायरॉईडचे स्राव वाढतात असं लहान अभ्यासांत दिसलं आहे. गोळी चालू असताना ती घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

थकवा मात्र खरा आहे, आणि "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगून बाईला घरी पाठवणं मला मान्य नाही. पहाटे तीनला उठून धक्क्यावर लिलावाला जाणारी, दुपारी बाजार करून रात्री अकराला निजणारी बाई थकणारच. तिचं हिमोग्लोबिन बघा, झोप विचारा, पाळीत रक्त किती जातं ते विचारा, नवऱ्याची दारू विचारा. टीएसएच एकदा थोडा चढला म्हणून लगेच गोळी देण्याऐवजी काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. अधिवृक्काला बळ द्यायचं म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे एवढंच. ती ग्रंथी खरंच आजारी आहे का हे पहिल्या गोळीच्या आधी शोधायचं, आणि असेल तर तिला जे कमी पडतं तेच, तेवढंच भरून द्यायचं.

शोधणं अवघड नाही. सकाळी आठच्या सुमारास रक्त घेऊन कॉर्टिसोल बघतात. आकडा ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असला तर कमतरता जवळपास नक्की, १५ च्या वर असला तर बहुधा काळजी नाही, मधला असेल तर ग्रंथीला सुईने चेतवून पुन्हा मोजतात. वेळेला इथे महत्त्व आहे. पहिली एसटी चुकली आणि रक्त दुपारी बाराला घेतलं तर आकडा फसवतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी या, पण आठलाच या. प्रत्येक थायरॉईडच्या रुग्णाला ही तपासणी लागते असं मी म्हणत नाही. लागते ती ज्याच्या उत्तरांत काही खटकतं त्याला. वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय का? उठताना चक्कर येते का? खारटाची ओढ आहे का? मधुमेहाच्या रुग्णाला नेहमीच्याच इन्सुलिनने साखर खाली जायला लागली आहे का? क्षय झाला होता का? पुडी, दम्याचा पंप, गोरं करणारं मलम चालू आहे का? बाळंतपणात रक्त गेलं होतं का, दूध आलं होतं का, पाळी परत आली का? आणि थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर बरं वाटण्याऐवजी उलट्या आणि अशक्तपणा वाढला, तर सहा आठवडे थांबू नका, लगेच परत या.

ज्यांना कॉर्टिसोलची कमतरता आहे असं ठरलं, त्यांनी रोजची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी कधीही चुकवायची नाही. ताप आला तर मात्रा दुप्पट-तिप्पट, उलट्या होत असतील तर सुई आणि थेट दवाखाना. खिशात एक चिठ्ठी ठेवायची, मराठीत, ठळक अक्षरात, "मला हायड्रोकॉर्टिसोन लागतं" अशी. होडीवर जाणाऱ्यांनी तांडेलाला सांगून ठेवायचं. ती कोळीवाड्यातली बाई आजही ही चिठ्ठी कनवटीला बांधून बाजारात बसते, आणि थायरॉईडची गोळी आता तिला अगदी नीट मानवते. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यानंतर ती गोळी पुन्हा, कमी मात्रेपासून, दिली गेली.

इथे बसलेल्या तरुण डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आशाताईंना मला एक काम सांगायचं आहे. बावस्करांनी रात्री जागून जे केलं ते आपल्याला पाच मिनिटांत करता येतं. थायरॉईडच्या प्रत्येक कागदावर सर्वांत वर दोन ओळी लिहा, शेवटच्या बाळंतपणातल्या रक्तस्रावाची आणि चालू असलेल्या पुड्यांची. आशाताईंना हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल, कारण त्यांना सासू खरं सांगते.

आणि बाकी सगळ्यांना एवढंच सांगते. आज घरी गेल्यावर जिच्या उशाशी ती छोटी बाटली आहे त्या आईजवळ, मावशीजवळ बसा आणि विचारा, "माझ्या नाहीतर धाकट्याच्या वेळी तुझं किती रक्त गेलं होतं?" ती जे सांगेल ते कागदावर लिहा आणि पुढच्या वेळी तो कागद घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात या.